भट्टीचं देणं

टायटॅनियमच्या जोडाला वेल्डिंग झाल्यावर भट्टीत का घालतात, हे मला नोकरीची पहिली काही वर्षं माहीत नव्हतं. मी वेल्डर होतो, लोक मला बरा वेल्डर समजत होते, आणि टॉर्च बंद केली की माझं काम संपलं असं मी मानत होतो. पुढं जे काही कळलं, ज्यावर माझं घर उभं राहिलं, ते त्या भट्टीशी जोडलेल्या दोन माणसांमुळे. त्यांचं देणं एकदा लिहून ठेवावं असं फार दिवस मनात आहे. दोघांनाही नाव छापलेलं आवडणार नाही. म्हणून आम्ही शॉपमध्ये म्हणायचो तेच इथं म्हणतो: नाना आणि मॅडम.

पण त्यांच्याही आधीचं एक देणं आहे, ते गावचं.

मी सारंगखेड्याचा. शहादा तालुक्यातलं तापीकाठचं हे गाव बाहेरच्यांना माहीत आहे ते एकमुखी दत्ताच्या यात्रेमुळं आणि घोड्यांच्या बाजारामुळं. दत्तजयंतीला मारवाडातून, काठेवाडातून, पंजाबातून घोडे येतात. घोड्यांमागं नालबंद येतात, भांडीवाले येतात, शेतीची अवजारं विकणारे येतात. आमच्या गल्लीतले लोहार आप्पा वर्षभर वखराच्या पासा, विळे, कुऱ्हाडी घडवायचे. शाळा सुटली की मी त्यांचा भाता ओढायला जाऊन बसायचो. घडवण्यापेक्षा मला पाणी देण्याचं काम बघायला आवडायचं. लाल झालेल्या अवजाराची धार ते पाण्यात बुडवायचे, लगेच बाहेर काढून विटेच्या तुकड्यानं घासून उजळ करायचे आणि मग नुसते बघत राहायचे. मागच्या भागात उरलेली धग हळूहळू धारेकडे सरकायची आणि उजळलेल्या लोखंडावर रंग चढत जायचे. आधी वाळल्या गवताचा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा. कोणत्या अवजाराला कोणत्या रंगावर थांबवायचं हे आप्पांना नजरेनं कळायचं. पिवळ्यावर थांबवलं तर धार कडक राहते पण दगडावर उडते. निळ्यापर्यंत जाऊ दिलं तर चिवट होते पण लवकर बोथटते. मी उतावीळ होऊन विचारायचो, आप्पा, झालं का? ते म्हणायचे, "घाई नको करू भो, रंग येऊ दे."

कडक केलेल्या पोलादाला पुन्हा थोडी ऊब देऊन त्याचा ठिसूळपणा काढणं, याला कारखान्यात टेंपरिंग म्हणतात. आप्पांना तो शब्द माहीत नव्हता. तो रंग म्हणजे लोखंडावर चढणाऱ्या ऑक्साइडच्या अतिशय पातळ थराची जाडी, आणि पिवळा साधारण सव्वादोनशे अंशांना तर निळा तीनशेच्या आसपास दिसतो, हे मला फार पुढं समजलं. तेव्हा एवढंच मनात बसलं की निळा, जांभळा रंग म्हणजे काम जमलं.

हीच समजूत घेऊन मी शहाद्याला आयटीआय केलं. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून आमचा नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, आणि त्याच सुमारास मी एसटीनं धुळ्यामार्गे नाशिकला आलो. ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा मिग विमानांचा कारखाना १९६४ पासूनचा. डिसेंबर २००० मध्ये सुखोई-३० एमकेआय विमानं भारतात बांधण्याचा करार रशियाशी झाला आणि ते काम ओझरला आलं. सुखोईच्या सांगाड्यात टायटॅनियम मोठ्या प्रमाणावर वापरलेलं असतं, आणि त्यातले पुष्कळ भाग वेल्डिंगनं जोडलेले असतात. त्या दिवसांत आमच्या चहाच्या टपरीवरसुद्धा टायटॅनियम हा शब्द ऐकू यायला लागला. मी ओझरला नव्हतो. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका लहान कारखान्यात होतो. तिथं रासायनिक कारखान्यांचे हीट एक्स्चेंजर दुरुस्त व्हायचे आणि हळूहळू टायटॅनियमची कामं येऊ लागली होती.

टायटॅनियमवर मी पहिली सरावाची पट्टी जोडली तेव्हा जोडावर मोरपिशी निळा रंग उमटला. मला आनंद झाला. आप्पांचीच आठवण झाली. तेवढ्यात भट्टीकडचे नाना तिथून चालले होते. ते थांबले, पट्टी उलटून पाहिली आणि म्हणाले, "चांदीसारखा पांढरा पाहिजे. फिकट पिवळा चालतो एखाद्या वेळेस. निळा म्हणजे हवा शिरली."

मला खरंच पटलं नाही. रंग तेच, क्रम तोच, मग अर्थ उलटा कसा? दिवसभर नानांनी मला आणखी काही सांगितलं नाही. सुटी झाल्यावर ती पट्टी व्हाइसमध्ये धरून वाकवायला सांगितली. जोडावरची चकाकी तडकली आणि मग जोडच तडकला. मग ते बोलले. पोलादावर ऑक्सिजन वरवर बसतो. टायटॅनियम तो आत पितं. साधारण चारशे-सव्वाचारशे अंशांच्या वर गेलं की हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन धातूत विरघळायला लागतात आणि पृष्ठभागाशी एक कडक, ठिसूळ कातडी तयार होते. तिला अल्फा केस म्हणतात. म्हणून टॉर्च पुढं गेली तरी मागचा तापलेला जोड आरगॉन वायूखाली झाकलेला ठेवायचा, त्यासाठी टॉर्चमागं ट्रेलिंग शील्ड जोडायची, आणि पाठीमागच्या बाजूलाही आरगॉन सोडायचा. रंग दिसला तर जोड कापायचा. ब्रशनं घासून रंग काढून टाकणं ही नानांच्या लेखी सगळ्यात वाईट गोष्ट होती, कारण रंग जातो आणि आत गेलेला ऑक्सिजन तिथंच राहतो, फक्त आता तो कुणाला दिसत नाही.

आप्पांनी शिकवलेलं खोटं नव्हतं. ते पोलादाचं होतं. प्रत्येक धातूचं वेगळं ऐकायला लागतं, हे मला त्या संध्याकाळी कळायला लागलं.

शुद्ध टायटॅनियमच्या जोडांना बहुतेक वेळा भट्टीची गरज पडत नाही, म्हणून आणखी काही काळ मी भट्टीकडे फिरकलो नाही. मग मिश्रधातूची कामं आली. सहा टक्के ॲल्युमिनियम, चार टक्के व्हॅनेडियम, बाकी टायटॅनियम. जगात सर्वांत जास्त वापरला जाणारा टायटॅनियमचा मिश्रधातू हाच. विमानात, रॉकेटच्या इंधनटाक्यांत, माणसाच्या खुब्याच्या सांध्यातसुद्धा. या कामांच्या ड्रॉइंगवर वेल्डिंगच्या खुणेखाली नेहमी एक ओळ असायची: वेल्डिंगनंतर ताणमुक्ती. ती ओळ मी वाचायचोच नाही. ती नानांची ओळ होती.

नानांनी ती मला वाचायला लावली. म्हणाले, "तू जोड करतोस, त्यात काय राहतं ते तुला माहीत पाहिजे." जोडाची रेघ वितळते आणि सगळ्यात शेवटी थंड होते. थंड होताना ती आकसायला बघते, पण दोन्ही बाजूंचा थंड धातू तिला आकसू देत नाही. ती ओढ आतच अडकून पडते. बाहेरून भाग शांत दिसतो, मापात असतो, आणि आत ताण धरून बसलेला असतो. पुढं विमानात किंवा पंपात त्याच्यावर भार आला की हा आधीचा ताण त्या भारात मिळतो. भार येत-जात राहिला, कंप सुरू राहिला, की तडा तिथूनच सुरू होतो. धातूत हायड्रोजन शिरला असेल तर तडा कधी कधी भार नसतानाही जातो, काम पूर्ण होऊन कितीतरी दिवसांनी, कपाटात ठेवलेल्या भागाला.

भट्टीत तो ताण कसा जातो, हे त्यांनी अगदी साधेपणानं सांगितलं. तापल्यावर धातूची ताकद कमी होते. त्याला तो ताण धरून ठेवता येत नाही. आतले अणू किंचित सरकतात, ओढ सैल पडते. या मिश्रधातूला ४८० ते ६५० अंशांच्या दरम्यान एक ते चार तास ठेवतात. तापमान कमी असेल तर वेळ जास्त. आमच्या भागांना नाना सहाशेच्या आसपास दोन तास द्यायचे. त्याहून वर, सातशे ते पावणेआठशेच्या घरात नेलं तर धातू पूर्ण ॲनील होतो, म्हणजे नरम पडतो. ९९५ अंशांच्या आसपास धातूची अंतर्गत रचनाच बदलते, तिथं जोडाला नेणं म्हणजे त्याचे स्फटिक मोठे करून ठेवणं. नानांना हे आकडे तोंडपाठ होते. पण दर वेळी भाग भट्टीत घालण्याआधी ते प्रक्रियापत्रक उघडून, चष्मा पुसून, आकडा वाचायचे. पाठ असलेल्या आकड्यावर त्यांनी कधी स्विच दाबला नाही.

तरी माझ्या मनात भट्टीचं काम म्हणजे वाट पाहण्याचंच काम होतं. ते मत मॅडमनी बदललं.

मॅडम प्रयोगशाळेत होत्या. धातुशास्त्र शिकलेल्या. एका दुपारी त्यांनी मला बोलावून सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. माझ्याच हातचा एक जोड त्यांनी आडवा कापून, घासून, आरशासारखा पॉलिश केला होता आणि क्रोलच्या द्रावणानं खोदला होता. हायड्रोफ्लुओरिक आणि नायट्रिक आम्ल थोडं थोडं पाण्यात घालून ते करतात. ज्या विल्हेल्म क्रोल यांनी १९४० च्या सुमारास खनिजापासून टायटॅनियम काढण्याची पद्धत शोधली, त्यांचंच नाव त्याला आहे. मी भिंगात पाहिलं. जोडाच्या मध्यभागी मोठमोठे लांबट स्फटिक कडेकडून मध्याकडे वाढलेले होते, आणि त्यांच्या आत सुयांसारख्या बारीक रेघांची गर्दी होती, एकमेकींना छेदणारी. मॅडम म्हणाल्या, हे मार्टेन्साइट. धातू भराभर थंड झाला, त्याला नीट लागायला वेळच मिळाला नाही, म्हणून तो असा अडकून राहिला. हे कडक असतं आणि कमी ताणतं. मग त्यांनी दुसरा नमुना लावला. तोच जोड, नानांच्या भट्टीतून आल्यानंतरचा. मोठे स्फटिक तिथंच होते. पण आतल्या सुयांची धार गेली होती. त्या विरून अल्फा आणि बीटा अशा धातूच्या दोन रचनांचे थर शेजारी शेजारी बसायला लागले होते.

मी विचारलं, मोठे स्फटिक का नाही गेले? त्या म्हणाल्या, "ते भट्टी नाही काढू शकत. ते तुमच्या हातात आहे. उष्णता कमी घाला, सावकाश नका जाऊ, थरांमध्ये थंड होऊ द्या." मला त्या उत्तरानं फार काही दिलं. भट्टी सगळं दुरुस्त करेल असं नाही आणि वेल्डरनं सगळं केलं असंही नाही. माझं काम कुठं संपतं आणि नानांचं कुठं सुरू होतं ती रेघ मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिली होती. त्यानंतर ड्रॉइंगवरची खालची ओळ मी कधी वगळली नाही.

मॅडमकडूनच मला समजलं की हा धातू आपल्या घराजवळचा आहे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर जी काळी वाळू दिसते तिच्यात इल्मेनाइट असतं, म्हणजे लोह आणि टायटॅनियमचं खनिज. आणि दख्खनचा काळा पत्थर, ज्याची माती होऊन आमच्या तापीकाठी कापूस पिकतो, त्यातही टायटॅनियमचं ऑक्साइड दोन टक्क्यांच्या आसपास असतं. मी त्या मातीत लहानाचा मोठा झालो आणि मला ते परक्या देशाचं काहीतरी वाटत होतं.

स्वच्छतेचा धडाही त्या दोघांचाच. भाग भट्टीत जाण्याआधी नाना त्याला उघड्या हातानं शिवू द्यायचे नाहीत. घामात मीठ असतं, मिठात क्लोराइड. ताण असलेल्या, तापलेल्या टायटॅनियमला क्लोराइड लागलं तर तिथं भेग पडू शकते. म्हणून सुती, धागे न सोडणारे हातमोजे, पुसायला ॲसिटोन, क्लोरीन असलेला कुठलाही सॉल्व्हंट नाही, धुवायला नळाचं पाणी नाही. नळाच्या पाण्यावरून मी एकदा कुरकुरलो तेव्हा मॅडमनी लॉकहीडच्या एसआर-७१ विमानाची हकिगत सांगितली. १९६० च्या दशकात बांधलेलं ते विमान जवळजवळ सगळंच टायटॅनियमचं. त्याच्या पंखाचे स्पॉट वेल्ड केलेले काही पत्रे लवकर निकामी होत आणि काही वर्षानुवर्षं टिकत. प्रत्येक पत्र्याची नोंद ठेवलेली असल्यामुळं शोधता शोधता कळलं की उन्हाळ्यात केलेले पत्रे जात होते, हिवाळ्यातले टिकत होते. बर्बँक शहराच्या पाण्यात उन्हाळ्यात शेवाळ होऊ नये म्हणून क्लोरीन जास्त घालत आणि जोड त्याच पाण्यानं धुतले जात. मग जोड शुद्ध केलेल्या पाण्यानं धुवायला लागले.

ही हकिगत ऐकल्यापासून मी नोंदी मनापासून लिहायला लागलो. तोवर मला नोंदवही म्हणजे साहेबांसाठी भरायचा कागद वाटायचा. पण पत्रा कुठल्या महिन्यात धुतला हे कुणीतरी, कारण माहीत नसताना, लिहून ठेवलं होतं म्हणून तो दोष सापडला.

आणखी एक प्रसंग मॅडम सांगत, आणि तो सांगताना त्यांचा आवाज खाली येई. १९ जुलै १९८९ ला अमेरिकेत सू सिटीला एक डीसी-१० विमान कोसळलं. शंभराहून अधिक माणसं गेली. इंजिनाच्या पंख्याची टायटॅनियमची चकती उडाली होती. धातू वितळवतानाच तिच्यात नायट्रोजननं कडक झालेला एक अगदी लहानसा ठिपका राहून गेला होता. तो दोष वेल्डिंगचा नव्हता. पण आपण जोड करताना हवा आत सोडतो तेव्हा त्याच जातीचा ठिपका आपल्या हातानं तयार करतो, एवढंच त्या म्हणायच्या आणि पुढच्या कामाला लागायच्या.

भट्टीवर नाना मला ठेवून घ्यायला लागले ते याच सुमारास. निर्वात भट्टी, तिचे पंप, तापमान मोजणारं थर्मोकपल, तापमानाचा चार्ट. आत उरलासुरला ऑक्सिजन असेल तर तो आधी दुसऱ्यानं घ्यावा म्हणून ते कामाच्या भागाभोवती टायटॅनियमच्या पातळ पट्ट्या ठेवायचे. त्या पट्ट्या बाहेर आल्यावर त्यांचा रंग पाहायचे आणि मगच भागाकडे वळायचे. शेजारी त्याच धातूची, त्याच वेल्डिंगची एक नमुना-पट्टी असायचीच. तिच्यावर नंतर चाचण्या व्हायच्या. भाग दीडशे अंशांच्या खाली येईपर्यंत दार उघडायचं नाही. डिस्पॅचची घाई असली, मालक स्वतः येऊन उभे राहिले, तरी नाही. नाना वाद घालायचे नाहीत. नुसतं चार्टकडे बोट दाखवायचे.

त्यांनी मला दिलेली सगळ्यात मोठी शिकवण हायड्रोजन आणि ऑक्सिजनची. दोन्ही टायटॅनियमला ठिसूळ करतात. हायड्रोजनची मर्यादा या मिश्रधातूत साधारण दहा लाखांत दीडशे भाग एवढी धरतात. पण शिरलेला हायड्रोजन निर्वातात तापवून परत बाहेर काढता येतो. ऑक्सिजन निघत नाही. उलट जितकं तापवाल तितका तो आत आत जातो. कातडी आम्लात विरघळवून किंवा छिलून काढावी लागते आणि तेवढा धातू गमवावा लागतो. म्हणून नाना प्रत्येक जोड भट्टीत घालण्याआधी बारकाईनं बघायचे. भट्टीनंतर चूक शोधण्यात अर्थ नसतो असं त्यांचं म्हणणं होतं, आणि टायटॅनियमच्या बाबतीत ते अक्षरशः खरं आहे.

माझं पुढचं सगळं यातून आलं. वेल्डर म्हणून आलेला मी भट्टीचा माणूस झालो, रात्रीचं कॉलेज करून डिप्लोमा घेतला. त्याचा अर्ज मॅडमनी आणून दिला होता आणि परीक्षेच्या दिवसांत माझ्या रात्रपाळ्या नाना करत होते. त्यांचं वय तेव्हा साठीला आलं होतं. मी कधी त्यांना तसं करायला सांगितलं नव्हतं. त्यांनीही ते कधी बोलून दाखवलं नाही. पाळीच्या वहीत त्यांची सही पाहून मला कळलं.

आता शहाद्याहून, तळोद्याहून, अक्कलकुव्याहून मुलं माझ्याकडे शिकायला येतात. मुलीही येतात, आणि टॉर्चवर त्यांचा हात बहुधा जास्त स्थिर असतो. मी त्यांना आधी भट्टीवर घेतो, मग वेल्डिंगला सोडतो. कुरकुर होते. मग त्यांच्या पहिल्या जोडाचा नमुना करून सूक्ष्मदर्शकाखाली दाखवतो, भट्टीआधीचा आणि भट्टीनंतरचा. समुद्रात सहा हजार मीटर खोल जाण्यासाठी आपल्याकडे ‘मत्स्य ६०००’ ही पाणबुडी होते आहे. तिच्यात माणसं बसायचा गोल २.१ मीटर व्यासाचा, ८० मिलिमीटर जाड टायटॅनियमचा आहे आणि तो इलेक्ट्रॉन बीमनं जोडतात. हे सांगितलं की मुलं एकदम गप्प होऊन ऐकतात. एवढ्या जाड जोडात किती ओढ अडकून राहत असेल, हे त्यांना आता माझ्याआधी सुचतं.

नाना निफाडकडे शेतावर राहतात. दिवाळीला मी जातो तेव्हा फराळाआधी ते चार्ट मागतात. मी वर्षातल्या काही चार्टच्या प्रती नेतो. मागच्या वेळी एका चार्टवर बोट ठेवून ते बराच वेळ थांबले. सहाशेच्या सपाट रेघेत त्यांना एक बारीक दातरा दिसला होता, माझ्या नजरेतून सुटलेला.

"दार कुणी उघडलं नाही ना?"

"नाही नाना."

"मग थर्मोकपलची जोडणी बघ. भट्टी एवढी पटकन खाली-वर होत नसते."

सुटी संपल्यावर पाहिलं. स्क्रू सैल होता.